आई-बाबांना, क्रॉफर्डव्हिलहून परत आल्यावर

अटलांटा, रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर बाबांना निम्मं ऐकू येतं, उरलेलं आई ओरडून सांगते आणि मूळ गोष्ट मधेच हरवते. म्हणून पत्र.

काल क्रॉफर्डव्हिलला गेलो होतो. ऑगस्टाच्या वाटेवर इथून दीडेक तासावरचं छोटं गाव. तिथे अलेक्झांडर स्टीफन्स या वकिलाचं घर जपून ठेवलंय. घराचं नाव ‘लिबर्टी हॉल’. समोर त्याचा पुतळा, तिथेच त्याची समाधी, आणि मागच्या अंगाला नोकरांच्या खोल्या. बाबा, तिथे तुम्ही हवे होतात. वकील माणूस वकिलाला बरोबर ओळखतो.

आई, याचा जन्म 1812 चा. काही महिन्यांतच आई गेली. चौदा वर्षांचा असताना वडील गेले आणि पाठोपाठ काही दिवसांतच सावत्र आईही. भावंडं नातेवाइकांत वाटली गेली, हा मामाकडे गेला. ज्या शिक्षकाने शिकवायचं मनावर घेतलं, त्यांचं ‘हॅमिल्टन’ हे नाव याने स्वतःच्या नावात घेतलं ते कायमचं. सावत्र भाऊ लिंटन तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. पुढे त्याला यानेच शिकवलं, वकील केलं. तो तर इथल्या जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला. दोघांचा पत्रव्यवहार आयुष्यभर चालला. लग्न काही याने केलं नाही. (तू विचारणारच होतीस.)

अंगाने इतका किरकोळ की वजन पंचेचाळीस किलोही नाही, सदा आजारी. पण बोलायला उभा राहिला की सभा गप्प. 1834 मध्ये सनद, 1843 पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत. 1848 मध्ये मेक्सिकोच्या युद्धाविरुद्ध त्याचं भाषण ऐकून लिंकनने मित्राला लिहिलं होतं की एवढं चांगलं तासाभराचं भाषण मी आजवर ऐकलं नाही, डोळ्यांत अजून पाणी आहे. दोघे तेव्हा एकाच पक्षात होते.

इथपर्यंत मला तो आवडायला लागला होता.

जानेवारी 1861 मध्ये जॉर्जियाने अमेरिकेतून फुटून निघू नये म्हणून याने विरोधात मत दिलं, आणि पुढच्याच महिन्यात फुटलेल्या राज्यांचा उपाध्यक्ष झाला. 21 मार्चला सव्हानाला त्याने सांगितलं की आमच्या नव्या सरकारचा कोनशिलेचा दगडच हा आहे: काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था. बाबा, हे बोलणारा माणूस भावंडं पांगतात तेव्हा काय होतं हे सोसून बसलेला! आणि ज्या कायद्याची तो वकिली करत होता, त्यात पोटचं पोर आईपासून तोडून विकता येत होतं. मी त्या मागच्या खोल्यांपाशी उभी राहिले तेव्हा खरंच राग आला. त्याच्याकडे स्वतःचे गुलाम होतेच. हॅरी आणि एलायझा हे जोडपं तर मुक्ती मिळाल्यावरही त्याच्याकडेच राहिलं. त्यांनी भावंडांना लिहिलेली पत्रं मात्र कुठे दिसत नाहीत.

मग फुटलेल्या राज्यांचं उरलेल्या अमेरिकेशी युद्ध पेटलं. फेब्रुवारी 1865 मध्ये तहाच्या बोलण्यासाठी तो लिंकनला भेटला. तह फिसकटला, पण कैदेतल्या पुतण्यासाठी याने शब्द टाकला आणि लिंकनने पोराला सोडलं, वर सही केलेला स्वतःचा फोटोही दिला. युद्ध हरल्यावर स्टीफन्सने बॉस्टनजवळच्या किल्ल्यात काही महिने कैद भोगली. मग दोन जाडजूड खंड लिहिले आणि म्हणाला, युद्ध गुलामीसाठी नव्हतंच, राज्यांच्या हक्कांसाठी होतं. खालच्या कोर्टात जे ठणकावून सांगितलं ते अपिलात फिरवणारे वकील तुम्ही किती पाहिलेत, बाबा!

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. 1873 मध्ये तो पुन्हा काँग्रेसमध्ये आला. 5 जानेवारी 1874 ला नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध बोलला. दुसऱ्याच दिवशी रॉबर्ट एलियट उभे राहिले. साउथ कॅरोलायनाचे खासदार, काळे, तेही वकील. त्याच सभागृहात त्यांनी मुद्द्याला मुद्दा देऊन उत्तर दिलं. त्या दिवसाचं इथे एक छापील चित्रही प्रसिद्ध आहे.

पुढे 1882 मध्ये स्टीफन्स गव्हर्नर झाला आणि मार्च 1883 मध्ये, पदावर असतानाच, गेला.

परतताना तुमचा नातू म्हणाला, तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं? मी म्हटलं, 1873 मध्येच पुण्यात जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. तो ऐकतच राहिला. तर बाबा, तुमच्या कपाटात वरच्या फळीवर, कायद्याच्या पुस्तकांमागे ती प्रत आहे. स्टुलावर तुम्ही चढू नका, शेजारच्या मुलाला चढवा. अर्पणपत्रिकेच्या पानाचा फोटो काढून पाठवायला सांगा. हा कालपासून सारखा विचारतोय.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर आजच मागव.

तुमची,
लाडकी