सायनसच्या ऑपरेशननंतरचा मराठी कागद कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत नाशिक रोडच्या एका भगिनींनी लिहिलं होतं, की सायनसचं (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांचं) ऑपरेशन दोनदा करूनही त्रास परत आला, तेव्हा कोणी यात पडू नये. त्यांचा त्रास खराच आहे. पण ते पत्र आमच्या गावात पारावर वाचलं गेलं आणि ज्या दोघांना डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, त्यांनी त्याच दिवशी नको म्हणून टाकलं. म्हणून हे लिहितोय.

मी चांदवड तालुक्यातला कांदा उत्पादक. उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत भरायचा आणि भाव बघून दिवाळीपर्यंत काढत राहायचा, हा आमचा धंदा. चाळीतला कांदा डोळ्यांना नंतर कळतो, नाकाला आधी. आत एखाद्या थराला पाणी सुटलं की पहाटे जवळून जाताना वास येतो, आणि त्याच दिवशी तो भाग उपसून निवडावा लागतो. चार वर्षांपूर्वी मला तो वास यायचा बंद झाला. सौ. चार दिवस माहेरी गेल्या होत्या. परत आल्या त्या अंगणातूनच ओरडल्या. मधला अख्खा कप्पा सडला होता, आणि मी रोज त्याच्याशेजारी बसून चहा पीत होतो.

त्याआधी आठ-नऊ वर्षं सर्दी होतीच. नाक बंद, गाल जड, घशात मागून चिकट उतरायचं. जवळच्या दवाखान्यात दर वेळी अँटिबायोटिक आणि एक इंजेक्शन. इतक्या वर्षांत नाकात दुर्बीण घालून कोणी पाहिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. नाशिकला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत घातली आणि पडद्यावर दाखवलं. दोन्ही बाजूंना साल काढलेल्या द्राक्षाच्या मण्यांसारखे पांढुरके, चकाकणारे कोंब लोंबत होते. त्याला पॉलिप म्हणतात. वास घेण्याची जागा नाकाच्या छताला असते, तिथवर हवाच पोचत नव्हती. तरीही लगेच ऑपरेशन नाही. काही आठवडे स्प्रे, मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि गोळ्या झाल्या, मग सीटी स्कॅन, आणि त्यानंतरच निर्णय.

घरात विरोध झाला तो अण्णांचा, म्हणजे वडिलांचा. त्यांचं १९८४ साली याच दुखण्याचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हाच्या पद्धतीने: वरचा ओठ उचलून, हिरडीच्या वर कापून, गालाचं हाड फोडून. त्यांचा गाल आणि ओठ कित्येक महिने बधिर होता. त्रास गेलाही नाही. त्याचं कारण मला डॉक्टरांनी सांगितलं आणि ते ऐकून मी चकित झालो. गालाच्या पोकळीचं नैसर्गिक तोंड वरच्या अंगाला असतं. आतल्या अस्तरावरचे सूक्ष्म केस शेंबूड त्या तोंडाकडेच ढकलत राहतात, म्हणजे चक्क चढावर. जुन्या ऑपरेशनमध्ये सोयीचं म्हणून खाली नवं भोक पाडत, पण केसांची वाट बदलत नाही, ते वरच ढकलत राहतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे डॉ. मेसरक्लिंगर यांनी हे दुर्बिणीतून वर्षानुवर्षं पाहून मांडलं. त्यांचे शिष्य स्टॅमबर्गर आणि अमेरिकेतले केनेडी यांनी १९८० च्या दशकात त्यावरून आजची पद्धत जगभर नेली. बाहेर कुठेही चीर नाही. नाकपुडीतूनच आत जायचं, बंद पडलेली मूळ तोंडं मोकळी करायची आणि चांगलं अस्तर शक्य तितकं राखायचं. अण्णांना मी चाळीचं उदाहरण दिलं. खालून हवा खेळली नाही तर कांदा सडणारच, मग वरून कितीही निवडा. ते त्यांना पटलं.

दुसरी भीती २०२१ ची. कोरोनानंतरच्या काळ्या बुरशीत आपल्या जिल्ह्यात लोकांचे डोळे, जबडे गेले, त्यांचीही ऑपरेशनं नाकातून दुर्बिणीने झाली. तेव्हापासून ‘नाकातलं ऑपरेशन’ म्हटलं की माणसं डोळ्याला हात लावतात. तो आजार वेगळा होता. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने तो झपाट्याने पसरायचा आणि मेलेला भाग कापून काढावाच लागायचा. साध्या सायनसचा त्याच्याशी संबंध नाही. धोका अजिबात नाही असंही मी म्हणणार नाही. डोळा आणि नाक यांच्यामध्ये कागदासारखं पातळ हाड असतं, वर मेंदू असतो. गंभीर इजा क्वचित होते, पण होऊ शकते. सीटी स्कॅन त्यासाठीच नकाशासारखा समोर ठेवतात. तो स्कॅन आपल्याला समजावून द्या, असं प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांकडे हक्काने मागावं.

आता मुख्य मुद्दा. माझ्याबरोबर त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या मित्राचंही ऑपरेशन झालं, दुसऱ्या एका दवाखान्यात. वर्षभराने त्याचे कोंब परत आले. विचारलं तर कळलं, की नाक धुणं त्याने पंधरा दिवसांत सोडलं आणि स्प्रे बाटली संपली तेव्हा. ‘आता ऑपरेशन झालंय, औषध कशाला?’ मी त्याला दोष देत नाही. घरी सोडताना त्याच्या हातात इंग्रजी कागद दिला होता. पॉलिपची प्रवृत्ती शरीरात असते, शस्त्रक्रिया तिला मुळापासून काढत नाही. वाट मोकळी होते ती स्प्रे आणि मिठाचं पाणी आतपर्यंत पोचावं म्हणून. हे एक वाक्य त्याला मराठीत कोणी सांगितलं असतं तर!

मला सांगितलं होतं, दवाखान्यातल्या एका बाईंनी, शांतपणे, सौ.ना समोर बसवून. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. काही आठवडे गोणी उचलायची नाही. पाणी उकळून गार केलेलंच घ्यायचं. विहिरीचं किंवा बोअरचं तसंच नाकात घ्यायचं नाही, कारण अशा पाण्यातला एक अमिबा नाकावाटे थेट मेंदूत जाऊ शकतो. २०२४ साली केरळात अशाच अमिबाच्या आजाराने काही मुलं दगावली. नाकातून पातळ पाणी ठिबकत राहिलं, डोळ्यांना दिसण्यात फरक पडला किंवा रक्त थांबेना, तर रात्री-अपरात्रीही फोन करायचा. आणि खपल्या काढायला बोलावलं की यायचंच, कापणी असो की लग्न.

माझी विनंती एवढीच. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकातच, म्हसरूळला आहे. तिथल्या तज्ज्ञांनी सायनस ऑपरेशननंतरच्या काळजीचं एक पान साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात तयार करावं आणि जिल्हा रुग्णालयापासून खासगी दवाखान्यांपर्यंत प्रत्येक रुग्णाला ते सही घेऊन द्यावं. आपल्या वृत्तपत्राने अशी माहिती डॉक्टरांकडून लिहून घेऊन छापली तर पारावर तीही वाचली जाईल. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेत, धूळ पाहता अशा रुग्णांची गर्दी काही कमी होणार नाही.

ऑपरेशनच्या तिसऱ्या आठवड्यात मला पहिला वास आला तो गोठ्यातल्या शेणाचा. सौ.ना हाक मारून सांगितलं तर त्या रडल्या. मित्राला परत तपासणीला नेण्याचं ठरलंय, येत्या मंगळवारी. या वेळी त्याचा मुलगा सोबत येणार आहे आणि डॉक्टर सांगतील ते वहीत मराठीत लिहून घेणार आहे.

आपला,
एक वाचक
ता. चांदवड, जि. नाशिक