बाग तारण ठेवण्याआधी

परदेशी शिक्षणाच्या वाढत्या ओढीवरील आपला लेख वाचला. मुलांच्या जिद्दीचे कौतुक योग्यच, पण खर्चाचा हिशेब त्यात राहून गेला. कॅनडाने १ जानेवारी २०२४ पासून विद्यार्थी परवान्यासाठी अर्ज करताना निर्वाहासाठी दाखवायची रक्कम १०,००० वरून २०,६३५ कॅनेडियन डॉलर केली; शुल्क आणि प्रवासखर्च वेगळाच. इकडे हापूसच्या बागा तारण ठेवून कर्जे काढली जातात. (हापूसचा भरवसा किती, ते एखाद्या बागायतदाराला विचारावे!) सल्ला देणाऱ्या अनेक एजंटांना परदेशी संस्थांकडूनच कमिशन मिळते, मग ते 'जाऊ नकोस' कशाला सांगतील? दहावी-बारावीच्या निकालांत वर्षानुवर्षे पहिल्या येणाऱ्या कोकण विभागात शासनाने जिल्हावार मोफत मार्गदर्शन कक्ष सुरू करावेत.

– एक पालक, रत्नागिरी