ब्लर की ओएसिस? तिसरे नाव राहिलेच!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ओएसिस या ब्रिटिश बँडच्या पुनरागमनावरचा लेख वाचला. ४ जुलै २०२५ ला कार्डिफमध्ये नोएल आणि लिअम गॅलाघर हे भाऊ सोळा वर्षांनी पुन्हा एका मंचावर आले. त्याआधी तिकीटविक्रीच्या दिवशी संगणकासमोर ताटकळलेल्या चाहत्यांच्या डोळ्यांदेखत दर चढत गेले होते. लेखकाने हे सगळे छान रंगवले आहे. खटकला तो शेवटी दिलेला निकाल. ब्लर विरुद्ध ओएसिस या नव्वदच्या दशकातल्या दोन ब्रिटिश बँडांच्या जुन्या भांडणात अखेर ओएसिसच जिंकले, असे ते म्हणतात. कारण काय, तर तिकिटे कोणाची जास्त खपली! तिकिटांचाच हिशेब हवा असेल तर ब्लरनेही जुलै २०२३ मध्ये लंडनचे वेम्बली स्टेडियम सलग दोन दिवस भरले होते. आणि खपावरच न्याय करायचा ठरवले तर १९९५ सालचा ब्रिटनचा सर्वश्रेष्ठ गायक कोण ठरतो, ते पुढे सांगतोच.

माझे मत या दोघांपैकी कोणालाच नाही. ते पल्प या त्याच काळातल्या तिसऱ्या ब्रिटिश बँडला आहे, आणि दीड पानाच्या लेखात पल्पचे नाव एकदाही आलेले नाही.

आधी तो गाजलेला आठवडा पाहू. ओएसिसचे ‘रोल विथ इट’ १४ ऑगस्ट १९९५ ला बाजारात यायचे होते. ब्लरच्या कंपनीने आपल्या ‘कंट्री हाउस’ची तारीख हलवून नेमकी तीच धरली. ‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकाने मुखपृष्ठावर मुष्टियुद्धाच्या जाहिरातीसारखी दोघांची जुंपून दिली, आणि एरवी पॉप गाण्यांकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या बातम्यांतसुद्धा ही लढत पोहोचली. आठवड्याअखेर ब्लरच्या २,७४,००० प्रती गेल्या, ओएसिसच्या २,१६,०००. लेखकाने हे आकडे दिले, पण किमती दिल्या नाहीत. ब्लरचे गाणे दोन वेगवेगळ्या सीडींवर, वेगवेगळ्या जोडगाण्यांसह, १.९९ पौंडांना मिळत होते. ओएसिसची एकच सीडी, ती ३.९९ पौंडांना. निष्ठावंत ब्लरवाल्याने दोन्ही सीडी घेतल्या, म्हणजे एका डोक्याची दोन मते पडली. शिवाय बारकोडच्या घोटाळ्यामुळे आमची विक्री पुरती मोजलीच गेली नाही, अशी ओएसिसच्या गोटाची तक्रार होती ती वेगळीच.

बरे, ज्या दोन गाण्यांवरून एवढे रान उठले, ती तरी त्यांची चांगली गाणी होती का? ‘कंट्री हाउस’ हा ब्लरच्या कंपनीचा मालक डेव्ह बाल्फ धंदा सोडून खेड्यातल्या बंगल्यात राहायला गेला त्यावरचा विनोद. एकदा ऐकून हसू येते, दहाव्यांदा नाही. व्हिडिओ डेमियन हर्स्ट या चित्रकाराचा, तोही तसाच थिल्लर. ‘रोल विथ इट’ तर नोएलने झोपेत बांधलेली चाल वाटते. ब्लरच्या त्याच अल्बमवर ‘द युनिव्हर्सल’ होते आणि ओएसिसच्या येऊ घातलेल्या अल्बमवर ‘वंडरवॉल’. (जाता जाता: ‘वंडरवॉल’ हे नाव जॉर्ज हॅरिसनच्या १९६८ च्या एका अल्बमवरून घेतलेले आहे. त्या अल्बमचे काही ध्वनिमुद्रण मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत झाले आणि संतूरवर आपले शिवकुमार शर्मा होते.) म्हणजे दोघांनीही उत्तम माल आत ठेवला आणि दुय्यम माल दुकानाच्या दर्शनी भागात मांडून त्यावर शर्यत लावली.

आता त्या सर्वश्रेष्ठ गायकाचे. १९९५ साली ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेले सिंगल (सुटे विकले जाणारे गाणे) ना ब्लरचे, ना ओएसिसचे. ते होते रॉबसन आणि जेरोम या दोन टीव्ही नटांनी गायिलेले ‘अनचेन्ड मेलडी’, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचे गाणे. त्याच गाण्यामुळे जूनमध्ये पल्पचे ‘कॉमन पीपल’ दुसऱ्या क्रमांकावर अडले. नोव्हेंबरमध्ये ‘वंडरवॉल’ दुसऱ्या क्रमांकावर अडले ते याच जोडगोळीच्या पुढच्या सिंगलमुळे. लेखकांच्या न्यायाने पुतळा या दोघांचा उभारायला हवा.

तरीही, दोघांत निवड कराच म्हणाल तर करतो. एकच अल्बम घेऊन निर्जन बेटावर जायचे असेल तर मी ओएसिसचा १९९४ चा ‘डेफिनेटली मेबी’ नेईन. त्यात शहाणपण नाही, पण त्यातला दम ब्लरच्या कुठल्याही अल्बममध्ये नाही. पूर्ण कारकीर्द समोर ठेवली की मात्र ब्लर कितीतरी पुढे. नोएलकडे चालींचा साठा होता आणि तो त्याने उधळला. त्या काळी प्रत्येक सिंगलच्या सीडीवर आणखी दोन-तीन नवी गाणी घालायची पद्धत होती. त्यामुळे ‘अक्विएस’, ‘द मास्टरप्लॅन’ अशी अव्वल गाणी मागच्या बाजूला गेली, आणि १९९७ चा ‘बी हिअर नाऊ’ करायची वेळ आली तेव्हा कोठार रिकामे. पहिल्याच दिवशी त्याच्या चार लाखांहून अधिक प्रती खपल्या, पण पुढे खुद्द नोएलनेच त्याला नावे ठेवली. त्याच वर्षी ब्लरने आपलाच साचा मोडला. त्यांचा गिटारवादक ग्रॅहम कॉक्सन याच्या कानात अमेरिकी गिटार बँड घुमत होते. त्यातून दोन मिनिटांत संपणारे ‘साँग टू’ आले, आणि १९९९ च्या ‘थर्टीन’मध्ये तर दोन वर्षांपूर्वीचे ब्लर ओळखूही येत नाही. ओएसिसने २००९ मध्ये पॅरिसला भांडून फुटेपर्यंत असे धाडस फारसे केले नाही.

लेखातले दुसरे ठरीव चित्र वर्गाचे. मँचेस्टरच्या बर्नेजमधल्या आयरिश आईची कष्टकरी मुले एकीकडे, लंडनच्या कलाशाळेतली सुखवस्तू पोरे दुसरीकडे. अर्धे खरे आहे. ब्लरचा गायक डेमन अल्बर्न याचे वडील कोलचेस्टरच्या कलाशाळेत प्रमुख होते, हे खरे. पण कॉक्सन हा लष्करी बँडमधल्या वादकाचा मुलगा. आणि दोन्ही बँडच्या गाण्यांत वर्ग शोधायला गेलात तर फारसे हाती लागत नाही. ओएसिसची गाणी गरिबीवर नाहीत, ती गरिबीतून उडून जाण्यावर आहेत. ब्लरची गाणी माणसांकडे गच्चीवरून पाहतात: हा कसा चालतो, ती कशी सुटीवर जाते.

वर्गाबद्दल खरे काही बोलले ते पल्प. जार्विस कॉकरने १९७८ मध्ये शेफिल्डच्या शाळेत असताना, पंधराव्या वर्षी, हा बँड काढला. त्यानंतरची दीड दशके गेली ती रिकाम्या सभागृहांत, सरकारी बेकारभत्त्यावर, माणसे बदलत. ज्याला यश वेळेवर मिळते त्याच्या नजरेला हे दिसत नाही. लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिकताना भेटलेल्या एका ग्रीक मुलीला ‘सामान्य माणसांसारखे’ जगायचे होते, त्यावर ‘कॉमन पीपल’ उभे आहे. नॉटिंग हिलच्या जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेल्या एका कॅसिओ की-बोर्डवर त्याची चाल सुचली. जिच्या बापाला एक फोन केला की सुटका होणार आहे, तिची गरिबी ही हौस. ज्याला फोन करायला कोणी नाही त्याची गरिबी ही गरिबी. हे कॉकर आधी चेष्टेच्या सुरात सांगतो आणि गाणे पुढे सरकते तसा त्याचा आवाज चढत जातो. शेवटी तर तो ओरडतच असतो, आणि आपण नाचत असतो. नाचायला लावणारा असा संताप त्या दोन बँडांच्या कुठल्याही गाण्यात मला सापडलेला नाही.

२४ जून १९९५ ला ग्लास्टनबरी महोत्सवात स्टोन रोझेस या बँडच्या गिटारवादकाचे गळपट्टीचे हाड मोडल्याने त्यांची जागा ऐनवेळी पल्पला मिळाली. तिथे हजारोंनी ‘कॉमन पीपल’ एका सुरात म्हटले. ब्रिटपॉपचा, म्हणजे या बँडांच्या त्या लाटेचा, खरा निकाल लागला तो त्या रात्री, ऑगस्टमधल्या दुकानांच्या गल्ल्यावर नव्हे. पुढच्या वर्षी वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीच्या मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीत ओएसिसचा अल्बमही होता. ते मिळाले पल्पच्या ‘डिफरंट क्लास’ला, आणि बँडने पैसे युद्धग्रस्त मुलांसाठी काम करणाऱ्या वॉर चाइल्ड या संस्थेला देऊन टाकले.

स्वतंत्र बाण्याच्या, म्हणजे बड्या संगीत कंपन्यांपासून दूर असल्याच्या, गप्पा मात्र तिघांनीही मारू नयेत. ब्लरची फूड कंपनी ईएमआयच्या पंखाखाली, ओएसिसच्या क्रिएशनमध्ये ४९ टक्के वाटा सोनीचा, आणि पल्प त्या वेळी आयलंडकडे, म्हणजे पॉलिग्रामकडे.

या भांडणाने झाकून टाकलेले आणखी काही आहे, आणि ते मराठी वृत्तपत्राने तरी सोडू नये. युनियन जॅक फडकवत चाललेल्या त्या मिरवणुकीत दिल्लीत जन्मलेल्या सोनिया मदनचा एकोबेली हा बँड होता. लेस्टरचा कॉर्नरशॉपही होता. गायक मॉरिसीच्या झेंडाप्रेमाचा निषेध म्हणून ईएमआयच्या कचेरीसमोर त्याची छायाचित्रे जाळणारे ते हेच. तजिंदर सिंगने लिहिलेले त्यांचे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे आपल्या आशा भोसले यांना केलेले वंदन आहे. १९९७ मध्ये ते आधी साठाव्या क्रमांकापर्यंतच पोहोचले. रेडिओ निवेदक जॉन पीलच्या श्रोत्यांनी मात्र ते वर्षातले सर्वोत्तम ठरवले, आणि डीजे नॉर्मन कुकने नवा साज चढवल्यावर फेब्रुवारी १९९८ मध्ये ते पहिले आले. पुढे याच कॉर्नरशॉपच्या २००२ च्या अल्बमवर नोएल गॅलाघरने गिटार वाजवली. दुसऱ्या गोटातला डेमन तर थेट आशाताईंपर्यंत पोहोचला. त्याच्या गोरिलाज या दुसऱ्या बँडच्या ‘द माउंटन’ या अल्बममध्ये त्यांचा आवाज आहे आणि मुखपृष्ठावर देवनागरीत ‘पर्वत’ अशी अक्षरे आहेत. ज्यांना आपण कट्टर वैरी म्हणतो ते दोघे सांगलीत जन्मलेल्या एका गायिकेच्या आसपास येऊन गेले, ही गोष्ट लेखकांना चौकटीत टाकण्याइतकीही वाटली नाही?

वैरही किती खरे होते कोण जाणे. त्या ‘युद्धा’नंतर तीनच आठवड्यांनी, ४ सप्टेंबर १९९५ ला, बोस्नियातल्या मुलांसाठी एका दिवसात ध्वनिमुद्रित झालेल्या अल्बममध्ये ब्लर आणि ओएसिस दोघेही होते. मार्च २०१३ मध्ये कर्करोगग्रस्त किशोरांच्या निधीसाठी नोएल, डेमन आणि कॉक्सन लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एकत्र गायले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी १९२१ मध्ये केलेला संयुक्त ‘मानापमान’ ज्यांनी वाचला-ऐकला आहे, त्यांना यात नवल वाटायचे नाही. भांडण मुख्यतः चाहत्यांचे आणि छापखान्यांचे होते.

पल्पनेही जून २०२५ मध्ये ‘मोर’ हा नवा अल्बम आणला, चोवीस वर्षांनी. या वेळी तो रफ ट्रेडकडून, म्हणजे खऱ्याखुऱ्या स्वतंत्र कंपनीकडून आला आणि ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ओएसिसच्या दौऱ्याला अवघा महिना उरला होता. आपल्या पुरवणीने त्याची दोन ओळींचीही दखल घेतली नाही. लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात एवढी भर घालावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे