त्या ७९ साठी, काका

काका, सप्रेम नमस्कार.

दुकानात आभार मानायला लागले तर तुम्ही "चहा घ्या ताई, गार होतोय" म्हणून विषयच संपवलात. म्हणून हे इथे, सगळ्यांसमोर. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास दुरुस्तीची दुकानं पुष्कळ आहेत, ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

आमचा शेतीपंपाच्या कंट्रोलरचा बोर्ड कधी झटक्यात सुरू व्हायचा, कधी ढिम्म बसून राहायचा. पावसाळी हवेत जास्तच. कंपनीत निदान पहिल्याच दिवशी झालं होतं: फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आतला प्रोग्राम. तो लिहिणारी मी. हार्डवेअरवाल्यांनी मीटर लावला की बोर्ड शहाण्यासारखा चालू व्हायचा आणि "बघा, आमचं सगळं ओके आहे" म्हणत मंडळी जेवायला जायची. बाहेरून एक सल्लागारही आणले. त्यांनी माझ्या मेन फंक्शनमधली, म्हणजे प्रोग्रामचं मुख्य काम जिथून सुरू होतं त्या भागातली, ओळ न् ओळ वाचली, नाकं मुरडली आणि "वॉचडॉग टाका" (कोड अडकला तर चिप रीसेट करणारा पहारेकरी) एवढं सांगून बिल लावलं.

तुम्ही कोड मागितलाच नाहीत. "मेनपर्यंत पोचतोय कशावरून?" इतकंच विचारलंत.

खरं सांगते, एसटीएम-३२ जातीच्या चिपांवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या आमच्या ऑफिसात हा प्रश्न कुणी तोंडातून काढला नव्हता. मेनच्या आधी काही घडतं हेच जणू कुणाला मान्य नव्हतं. आमची चिप, एफ-१०३, रीसेटमधून सुटली की आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर चालू लागते आणि कोड कुठून उचलायचा हे बूट-झिरो आणि बूट-वन या दोन पिना बघून ठरवते. बूट-झिरो लो, म्हणजे शून्य व्होल्टला, असेल तर पत्ता शून्यावर आपली फ्लॅश, म्हणजे आपला कोड साठवलेली मेमरी, दिसते. पहिल्या ४ बाइटमधून स्टॅक पॉइंटर (रॅममधल्या कामाच्या जागेचा पत्ता) भरायचा, पुढच्या ४ बाइटमध्ये जो पत्ता असेल तिथे उडी मारायची. तिथला स्टार्टअप कोड व्हेरिएबलच्या सुरुवातीच्या किमती फ्लॅशमधून रॅममध्ये उतरवतो, उरलेल्यांना शून्य करतो, आणि मग कुठे मेनचा नंबर लागतो. पण बूट-झिरो हाय आणि बूट-वन लो असेल तर आपल्या कोडला कुणी विचारतच नाही. चिप कारखान्यातूनच भरून आलेला बूटलोडर, म्हणजे नवा कोड भरून घेणारा छोटा प्रोग्राम, चालवते आणि सीरियलवर कुणी हाक मारतंय का याची वाट बघत बसते. माझ्या कोडमधला वॉचडॉग तिथे काय करणार होता, ते त्या सल्लागारांनाच ठाऊक.

आमच्या बोर्डावर बूट-वन ग्राउंडला होती. बूट-झिरो कशालाच जोडलेली नव्हती. अधांतरी, म्हणून कधी लो वाचली जायची, कधी हाय. मीटरचा रोध मेगाओममध्ये असतो, पण अशा पिनेला खाली ओढायला तेवढाही पुरतो. म्हणजे मोजायला जावं तर दुखणं गायब! तुम्ही मीटर हातात घेतलात, बोर्डाकडे पाहिलंत आणि तो तसाच बाजूला ठेवलात. बूटलोडर जिथे ऐकतो त्या पीए-९ आणि पीए-१० या सीरियलच्या पिनांना तारा जोडल्या, पॅरिटी (चूक तपासायचा बिट) ईव्हन केली, पाठवायचा बाइट टाइप केला: हेक्समध्ये ७एफ, बूटलोडरला मारायची हाक.

आणि मग, काका, तुम्ही लॅपटॉप माझ्याकडे फिरवलात. "एंटर तुम्ही मारा, बोर्ड तुमचा आहे."

मी एंटर मारलं. ७९ आलं, बूटलोडरचा होकार. सगळ्यांनी हँग झाला म्हणून हिणवलेली चिप व्यवस्थित जागी होती, माझ्या कोडच्या दारापर्यंतही गेली नव्हती, आणि मी विचारल्यावर तिने मला "हो" म्हटलं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते तुम्ही पाहिलंत की नाही माहीत नाही. तुम्ही तेवढ्यात सोल्डरिंग गनचं टोक पुसायला घेतलंत.

ती कळ तुम्ही दाबली असतीत तरी उत्तर तेच आलं असतं. पण मग मीटिंगमध्ये मी म्हणाले असते, "बुधवार पेठेतल्या एका काकांचं म्हणणं आहे की..." आणि पुढचं कुणी ऐकलं नसतं. त्याऐवजी मी म्हणाले, "मी चिपला विचारलं, तिने उत्तर दिलं. बसा, तुमच्यासमोर परत विचारते." तिथल्यांपैकी कुणाला आजवर बोर्ड माझ्या हातात राहू द्यावासा वाटला नव्हता. ज्ञानी माणसं मला खूप भेटली, काका. शोध लागतोय असं दिसताच स्वतःची खुर्ची थोडी मागे सरकवणारी फार थोडी. त्यात नोकरीच्या जागी तर जवळजवळ नाहीतच, आणि याचा मला अजून राग येतो.

नव्या बोर्डावर बूट-झिरोपासून ग्राउंडला, तिला लो धरून ठेवणारा, १० किलोओमचा रेझिस्टर आला आहे. ज्यांनी तो आधी घातला नव्हता, त्यांनी त्याला "डिझाइन इम्प्रूव्हमेंट" असं नाव दिलंय. देऊ दे.

पुढच्या शनिवारी आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीला घेऊन येते. हुशार आहे, थेट मेनपासून वाचायला लागते. तिला तुमचा तो प्रश्न विचारा. मी मुद्दाम काही सांगितलेलं नाही. आणि या वेळी चहाचे पैसे मी देणार.

तुमची,
शेतीपंपाच्या बोर्डवाली ताई