स्टिमॅक यांना नुसत्या शिव्या नकोत

भारतीय फुटबॉलचे माजी प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांनी काहीच केलं नाही, हे मला पटत नाही. 2019 मध्ये दोह्यात आशियाई विजेत्या कतारला गोलशून्य बरोबरीत रोखलं, 2023 मध्ये दक्षिण आशियाई देशांचा सॅफ करंडक जिंकला, नव्या पोरांना बेधडक उतरवलं.

पण गोल करणार कोण? पुढच्याच आशियाई चषकात तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही! क्लब परदेशी स्ट्रायकर खेळवतात, त्यामुळे आपल्या पोरांना संधी कमी, हे खरं. तरी गोल करणारा हुकमी खेळाडू सुनील छेत्री याला पर्याय पाच वर्षांत उभा राहायलाच हवा होता. आणि पाकिस्तानविरुद्ध स्टिमॅक यांनी स्वतः थ्रो-इन घेणाऱ्याच्या हातातून चेंडू हिसकावून लाल कार्ड ओढवून घेणं? आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाच्या प्रशिक्षकानं हे केलं तर गॅलरी पेटेल. भारतीय फुटबॉल महासंघानं यापुढे प्रशिक्षक म्हणून आघाडीची फळी घडवणारा, डोकं शांत असणारा माणूस बघावा.

— एक फुटबॉलप्रेमी, शिवाजी पेठ, कोल्हापूर