एक ठिपका, एक गुंठा: मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, स. न. वि. वि.

२०२५च्या सप्टेंबरात सीना नदीचं पाणी आमच्या रानात शिरलं. पंचनामा झाला तो पाणी ओसरून बरेच दिवस झाल्यावर. आलेल्या माणसाला दोष देत नाही. त्याच्याकडं अनेक गावं, वाटा चिखलात बुडालेल्या. त्यानं बांधावर उभं राहून नजरेनंच अंदाज बांधला आणि पुढचं रान गाठलं. म्हणून उपग्रहाच्या चित्रांवरून नुकसान ठरवा असं कुणी म्हटलं की मी त्याच्या बाजूनं असतो. पण ते चित्र काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे शासन निर्णय निघायच्या आधी बोललेलं बरं.

युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा! (आजोबा असते तर म्हणाले असते, गोऱ्यानं आपलाच गुंठा नेला.) केंद्राच्या २०२२ ते २०२६च्या निकषानं कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एका ठिपक्याला साधारण ८५. हिशेब इतका सरळ बसतो की मोह होणारच. त्यात सेंटिनेलमधले रडारचे उपग्रह स्वतः लहरी सोडून ढगांतून आणि रात्रीही बघतात. साचलेलं पाणी त्यांना काळं दिसतं.

पण रडारचा एकच उपग्रह त्याच जागेवर, त्याच वाटेनं, साधारण १२ दिवसांनी येतो. सीना रात्रीत चढली आणि दोन दिवसांत उतरली, तर चित्रात ओलं रान तेवढं येईल, पूर येणार नाही. उसाचं तर आणखी अवघड. खाली कमरेएवढं पाणी असलं तरी सेंटिनेलच्या लहरी वरच्या पाल्यावरूनच परत फिरतात. जुलै २०२५ला सोडलेल्या निसारच्या (नासा आणि इस्रोचा रडार उपग्रह) लांब लहरी आतपर्यंत पोचतात, त्याचा उपयोग जरूर करा.

खरी गोम सोयाबीनची आहे. पाणी निघून गेलं, झाड उभं राहिलं, पण शेंगेत दाण्याला कोंब फुटले. वरून काय दिसणार? हिरवेपणा मोजणाऱ्या एनडीव्हीआयवर भिस्त ठेवावी, तर सप्टेंबरअखेर चांगलं सोयाबीनही पिकून पिवळं पडतं आणि सडलेलंही. उलट ज्या रानात पीक मेलं आणि पावसानं तण माजलं, ते वरून हिरवंगार. निदान ३३ टक्के पीक गेलं तरच मदत, ही अट अशा चित्रावर कशी लावणार? दाणा हातात घेऊनच बघावा लागेल.

खरवडून गेलेल्या जमिनीचं मात्र उलट आहे. काळी माती जाऊन मुरूम उघडा पडला, हे ढग हटल्यावर आधीच्या आणि नंतरच्या चित्रांत स्वच्छ दिसतं. तिथं त्याच निकषानं हेक्टरी ४७,००० रुपयांचा प्रश्न असतो आणि तिथंच बांधावरच्या नजरअंदाजाचा सगळ्यात जास्त घोळ होतो. सुरुवात इथून करा.

माझी मागणी एवढीच आहे. चित्रात पाणी दिसलं तर तो पुरावा धरा आणि पंचनाम्याची वाट न बघता मदत द्या. दिसलं नाही, तर त्यावरून नुकसान नाही असं कुणी लिहू नये. तिथं माणूस पाठवा. चित्रात पाणी दिसलेली गावं आधीच मोकळी झाल्यावर माणसंही पुरतील.

आणि ते चित्र आम्हाला दाखवा. नागपूरला राज्याचं स्वतःचं सुदूर संवेदन केंद्र आहे, ई-पीक पाहणीत २०२१पासून गटागटाचा पेरा नोंदला जातो. गावाच्या नकाशावर गटनंबर टाकून, कोणत्या तारखेचं चित्र आहे ते लिहून, चावडीत लावा. हरकतीला १५ दिवस ठेवा. ज्याचं रान खालच्या अंगाला आहे त्याला पाणी कुठून कुठपर्यंत होतं हे बोटानं दाखवता येतं. आमच्या चावडीची भिंत रिकामीच आहे.

आपला,
सीनाकाठचा एक शेतकरी
ता. परंडा, जि. धाराशिव