लॅपटॉप घेतोयस तर आधी स्क्रीन बघ

सोलापूर

प्रिय भावा,

तुझा मेसेज वाचला, फोनवर हे सगळं बोलून जमणार नाही म्हणून लिहायलाच बसलो. तू पुण्यातली नोकरी सोडून काकांचं चादरीचं युनिट बघायला परत येतोयस याचा लई आनंद झालाय मला. काका भेटले की एकच विचारलालेत, पोरगं कधी येतंय म्हणून.

आता तुझ्या लॅपटॉपचं. तू तीन मॉडेल पाठवलेस, प्रत्येकाचा प्रोसेसर, रॅम, एसएसडी सगळं नीट लिहिलंयस आणि स्क्रीनच्या पुढं नुसतं "१४ इंच टच". भावा, फिरवून टॅबलेट होणाऱ्या मशीनमध्ये स्क्रीन हाच तुझा कागद आहे. चादरीची डिझाईन त्याच्यावर काढणार, व्यापाऱ्याला त्याच्यावरच दाखवणार. एसएसडी बहुतेक मॉडेलमध्ये नंतर मोठी टाकता येते, प्रोसेसर थोडा हळू असला तरी काम होतं, पण स्क्रीन एकदा घेतली की तीच. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की प्रोसेसर एक पायरी खालचा घे आणि तो पैसा स्क्रीनला लाव.

पहिली गोष्ट उजेड. पुण्यात तू एसी ऑफिसात बसतोस, तिथं २५० निट्सची (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) स्क्रीन पण चकाचक वाटते. इथं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेडचं शटर दिवसभर उघडं, बाहेर एप्रिल-मेचं ऊन, आणि त्या दारातच उभं राहून व्यापारी म्हणणार दाखवा बघू नवीन काय आहे. २५० निट्सवर त्याला डिझाईन दिसायच्या आधी स्वतःचं तोंड दिसतं. टच स्क्रीनवर वरून काच असते ना, त्यामुळं बहुतेक सगळ्या चकचकीतच येतात, मॅट फार कमी. कमीत कमी ४०० निट्स घे. भर उन्हात ४०० पण पुरत नाहीत, तिथं सावलीत सरकायचंच, पण शेडमध्ये आणि खिडकीजवळ काम अडत नाही. वरून मॅट फिल्म लावता येते, चमक कमी होते आणि पेन कागदावर चालल्यासारखं जरा घासून चालतं ते मला आवडतं, पण पांढऱ्या पानावर बारीक रवा दिसायला लागतो आणि पेनाची निब लवकर झिजते. आधी फिल्मशिवाय महिनाभर वापर, मग ठरव.

दुसरं रंग, आणि आपल्या धंद्यात हे उजेडापेक्षा मोठं आहे. तुझ्या यादीतल्या सगळ्यात स्वस्त मॉडेलच्या माहितीत बारीक अक्षरात ४५ टक्के एनटीएससी लिहिलंय, एनटीएससी हे रंगांचं जुनं माप. म्हणजे आपण रोज जे फोटो आणि डिझाईन बघतो त्याला लागणारे एसआरजीबी या नेहमीच्या मापातले रंग साधारण ६० ते ६५ टक्केच तिथं दिसणार. भडक रंग फिके पडतात, लाल विटकरीकडं झुकतो, आणि मग तू स्क्रीनवर तो लाल बरोबर दिसावा म्हणून फाईलमध्ये अजून भडक करत बसणार, आणि व्यापारी तीच फाईल त्याच्या फोनवर उघडणार तेव्हा त्याला सगळं अंगावर आल्यासारखं दिसणार. ते मॉडेल यादीतून काढूनच टाक. १०० टक्के एसआरजीबी लिहिलेलंच घे, काही ठिकाणी तेच ७२ टक्के एनटीएससी असं लिहितात, दोन्ही जवळपास एकच.

तुला ओलेड पॅनेलचा लॅपटॉप आवडलाय ते कळलं. दिसायला त्याच्यासारखं काही नाही हे मी पण मानतो, प्रत्येक पिक्सेल स्वतःचा उजेड देतो म्हणून काळा खरोखर काळा दिसतो, गडद निळ्या चादरीवरचा मोर तर काय उठून येतो. पण तुझ्या कामाला मी नको म्हणेन. डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये कडेची रंगांची पट्टी आणि खालचा टास्कबार दिवसभर जागचे हलत नाहीत, वर्षानुवर्षं असं वापरलं की ओलेडवर त्याची कायमची सावली राहायची भीती असते. पांढऱ्या पानावर बॅटरी जास्त खातो. शिवाय बरेच ओलेड उजेड कमी केला की डोळ्याला न कळणारी फडफड करतात, सगळ्यांना नाही पण काहींना त्यानं डोकं धरतं, तुझं तर आधीच डोकं दुखतं. आणि रंग एसआरजीबीच्या पुढं, डीसीआय-पी३ नावाच्या मोठ्या मापापर्यंत जातात, एसआरजीबी मोड लावायचा राहिला की सुतापेक्षा भडक लाल दिसतो. व्यापारी तो लाल बघून ऑर्डर देणार आणि डाइंगमधून तो लाल येणारच नाही. शेवटचा शब्द शेड कार्डचाच, म्हणजे रंगवलेल्या सुताच्या नमुन्यांच्या कार्डाचाच असतो हे काका तुला सांगतीलच, स्क्रीन कितीही चांगली असू दे. पण स्क्रीन आणि शेड कार्ड जितके जवळ तितकी वादावादी कमी.

आता पेन, इथं नीट लक्ष दे. टच आहे म्हणजे पेन चालेल असं नाही. बोटासारखं चालणारं रबरी टोकाचं स्टायलस कुठल्याही टचवर चालतं, त्यानं डिझाईनच्या ग्राफचे बारीक चौकोन भरता येत नाहीत. आपल्याला ॲक्टिव्ह पेन (आत इलेक्ट्रॉनिक्स असलेलं) चालणारी स्क्रीन पाहिजे, आणि कंपनीप्रमाणं त्याची पद्धत वेगळी असते, कुठं मायक्रोसॉफ्टची एमपीपी, कुठं वॅकॉमची एईएस, एकाचं पेन दुसऱ्यावर चालेलच असं नाही. पेन बॉक्समध्ये येतं का वेगळं घ्यायचं हे पण विचार, वेगळं असेल तर तो खर्च आत्ताच धर. दुकानात पेंट उघडून एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढ, पट्टी धरून. पटकन ओढलेली रेघ सगळीकडं सरळच येते, सावकाश ओढली की काही स्क्रीनवर ती सापासारखी वळवळते. मग तळहात टेकवून लिही, हाताचे डाग उमटतात का बघ. पेनाचं टोक आणि उमटणारा ठिपका यात काचेच्या जाडीमुळं अंतर पडतं, ते कोपऱ्यात जाऊन बघ, मधोमध नाही. मी रोज ग्राफचे चौकोन भरतो, टोक एका चौकोनावर आणि रंग शेजारच्यात गेला की मोराची मान वाकडी होते आणि ते जॅकार्ड मागावर चढेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

आकाराचं थोडक्यात. रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९ असलेली स्क्रीन घेऊ नको, उभी धरली की लांबट पट्टी होते. ३:२ ए-४ कागदाच्या सगळ्यात जवळ जाते पण तुझ्या बजेटमध्ये कमी मिळतील, १६:१० चालेल. १४ इंचाला १९२०×१२०० पिक्सेल भरपूर झाले, त्याहून बारीक २.८के साठी जास्तीचे पैसे देऊ नको, बॅटरी पण वाचेल. वजन दीड किलोच्या आसपास जातं, एका हातात धरून तासभर चितारणं होत नाही, टेबलावर तिरकं ठेवूनच काम करायचं हे धरून चाल.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत, एकाच नावाचं मॉडेल वेगवेगळ्या पॅनेलमध्ये येतं. नुसत्या नावावर जाऊ नको, बॉक्सवरचा पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साईटवर निट्स आणि रंग तपास. आणि स्क्रीन फुटली तर काच, टच आणि पॅनेल चिकटलेले असतात, अख्खा भाग बदलावा लागतो, त्याचा खर्च सर्व्हिस सेंटरला आधीच विचार. अपघाती नुकसानीचं कव्हर मिळत असेल तर घेच. आपल्या शेडमध्ये कापसाचं तूस सगळीकडं बसतं, झाकण लावायच्या आधी कीबोर्डवरून हात फिरवायची सवय लाव, आणि स्क्रीन मऊ मायक्रोफायबरनंच पूस, टॉवेल घराचाच असला तरी टॉवेलनं नको.

दुकानात जाताना काकांच्या युनिटमधल्या चादरीचा एक तुकडा आणि त्याच डिझाईनची फाईल पेनड्राईव्हवर घेऊन जा. चादर माझ्याकडून हुतात्मा एक्सप्रेसनं पाठवून देतो, माझा चुलत भाऊ शुक्रवारी पुण्याला येतोय. डेमोचा व्हिडिओ बंद करायला लाव, ते मुद्दाम गडद आणि रंगीत असतात, आपोआप उजेड कमी-जास्त होणारं सेटिंग बंद कर, आणि तुकडा स्क्रीनशेजारी धरून दुकानाच्या दाराजवळ ये. यादीतल्या मधल्या मॉडेलला ४०० निट्सचं, १०० टक्के एसआरजीबीचं आयपीएस पॅनेल (ओलेड नाही, एलसीडीचा प्रकार) मिळत असेल तर डोळे झाकून ते घे. पैसे द्यायच्या आधी मॉडेल नंबरचा फोटो मला पाठव, मी इकडून बघून लगेच सांगतो. रविवारी दिवसभर मी घरीच आहे.

तुझाच,
मन्या